डेटजस्ट, टँक, कॅलट्राव्हा: ही ‘काकांची घड्याळं’ आहेत का?

प्रश्न असा आला आहे. वय २९, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी, मनगटाचा घेर साडेसहा इंच. आयुष्यातलं पहिलं भारी घड्याळ म्हणून रोलेक्सचं ३६ मिलिमीटरचं डेटजस्ट मनात भरलंय. स्टील आणि पिवळं सोनं असं दुरंगी, सोनेरी डायलचं, ज्युबिली नावाच्या बारीक कड्यांच्या चेनचं, नव्वदच्या दशकातलं. मित्र म्हणतात, “हे काकांचं घड्याळ, पन्नाशीत घे. आत्ता सबमरिनर घे,” म्हणजे रोलेक्सचंच पाणबुड्यांचं घड्याळ. कार्तिएचं टँक आणि पाटेक फिलिपचं कॅलट्राव्हा यांच्याबद्दलही असंच बोललं जातं. तर ही घड्याळं खरंच वयस्कर माणसांनाच शोभतात का?

थोडंफार तथ्य आहे त्यात, पण मित्र समजतात तसं नाही. मी बरीच वर्षं चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं उघडून बसतो, जुनी घड्याळं घेतो-विकतो. गिऱ्हाईक घड्याळ हातात बांधून आरशात बघतं तो क्षण माझ्यासमोर रोजचाच. त्यावरून बनलेलं मत सांगतो: घड्याळ मनगटावर म्हातारं दिसतं ते माप, धातूचा रंग, पट्टा आणि डायल या चारही गोष्टी एकाच बाजूला झुकल्या की. त्यातली एक जरी दुसरीकडे वळवली, तरी ‘काका’ गायब होतात. चारही जशाच्या तशा राहिल्या तर मात्र मित्रांचं म्हणणं बरोबर ठरतं, आणि अशी घड्याळं आहेतही. त्यांची नावं पुढे घेतो.

आधी डिझाइनच्या वयाचा मुद्दा निकालात काढू. डेटजस्ट आलं १९४५ मध्ये, रोलेक्सला चाळीस वर्षं झाली त्या निमित्ताने. ज्युबिली चेन त्याच्याबरोबरच आली. सबमरिनर १९५३ चं. आणि सोन्यात नाहीतर प्लॅटिनममध्येच मिळणारं, सगळ्यात ‘म्हातारं’ समजलं जाणारं रोलेक्सचंच डे-डेट? ते १९५६ चं, म्हणजे सबमरिनरपेक्षा तीन वर्षांनी धाकटं. ओडमार पिगेचं रॉयल ओक १९७२ चं, पाटेकचं नॉटिलस १९७६ चं. आज पंचविशीतली मुलं ज्यांच्यासाठी जीव टाकतात ती ही दोन घड्याळं नवीन असताना ज्यांनी घेतली, ते आता सत्तरी-ऐंशीत असतील. तेव्हा जुनं डिझाइन म्हणजे जुन्या माणसाचं घड्याळ, हा हिशेब जुळत नाही.

ही घड्याळं झाली कोणासाठी, तेही पाहण्यासारखं आहे. मुळात मनगटी घड्याळ हीच एके काळी तरुणांची गोष्ट होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी युरोपातला प्रतिष्ठित माणूस खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचा. मनगटावर बांधायचं ते बायकांचा दागिना म्हणून ओळखलं जाई. आपल्याकडचेही त्या काळचे वकील-प्राध्यापकांचे फोटो बघा, कोटावर साखळी दिसेल. खंदकांत लढणाऱ्या अफसरांना खिशात हात घालायला सवड नव्हती, म्हणून घड्याळ मनगटावर आलं, आणि ते अफसर विशी-पंचविशीतले होते. कार्तिएचं सांतोस १९०४ मध्ये आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ या ब्राझिलियन वैमानिकासाठी बनलं. विमान चालवताना खिशातलं घड्याळ काढता येत नाही, ही त्याची तक्रार. तेव्हा तो तिशीत होता. डेटजस्टच्या काचेभोवतीचं ते खाचांचं कडं, ज्यावरून मित्र तुम्हाला चिडवतात, ते सुरुवातीला शोभेचं नव्हतंच. १९२६ च्या रोलेक्सच्या ऑयस्टर केसवर (केस म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच) कडं घट्ट पिळून पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला खाचा होत्या. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइत्झ ही लंडनची टायपिस्ट मुलगी असलं घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीत उतरली. गार पाण्यामुळे तिला ते पोहणं अर्ध्यात सोडावं लागलं, पण घड्याळ चालू राहिलं. तिचं वय तेव्हा २६. तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान.

आणि रिव्हर्सो हे उलटं करता येणारं चौकोनी घड्याळ तर आपल्याच देशातल्या मैदानांवरून निघालं. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अफसरांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. त्यांनी हे गाऱ्हाणं सेझार द त्रे या स्विस व्यापाऱ्याच्या कानावर घातलं. त्याने ते लकुल्त्र या घड्याळ बनवणाऱ्यांकडे नेलं, आणि रने-आल्फ्रेद शोव्हो या इंजिनिअरने केस सरकवून उलटी करता येईल अशी रचना काढून मार्च १९३१ मध्ये पॅरिसला पेटंटसाठी अर्ज केला. खेळताना घड्याळ उलटं करायचं, पोलादी पाठ वर येते, काच वाचते. घोड्यावरून धावणाऱ्या पोरांसाठी केलेलं हे घड्याळ आज निवृत्त न्यायाधीशाच्या मनगटावर शोभतं असं लोक म्हणतात, तेव्हा मला मौज वाटते.

मग वयाचा शिक्का लागला कधी? एक कारण उघड आहे, पैसा. ज्याला परवडतं तो बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीतलाच असतो, म्हणून आपल्या नजरेला तेच मनगट सवयीचं होतं. १९६९ च्या नाताळात सेइकोने अॅस्ट्रॉन हे सेलचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत यांत्रिक घड्याळाचं उपयोगापुरतं महत्त्व संपलं. जी स्विस घराणी टिकली त्यांना विकायला राहिली ती परंपरा. पाटेकने १९९६ पासून बाप आणि मुलगा दाखवणाऱ्या जाहिराती केल्या, हे घड्याळ तुम्ही पुढच्या पिढीसाठी सांभाळता, या आशयाच्या. जाहिरात जबरदस्त होती यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की घड्याळ घालणारा तो बाप, आणि मुलाने थांबायचं, हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

तिसरं कारण मापाचं, आणि तुमच्या मित्रांवर खरा परिणाम याच कारणाचा झालेला असणार. दोन हजारच्या दशकात घड्याळं फुगली. ४२, ४४, काही तर ४७ मिलिमीटर. रोलेक्सनेही २००८ मध्ये ४१ चं डे-डेट आणि २००९ मध्ये ४१ चं डेटजस्ट काढलं. ज्यांची नजर त्या दहा-पंधरा वर्षांत घडली, त्यांना ३६ चं घड्याळ बाबांच्या कपाटातलंच वाटणार. वास्तविक १९४५ मध्ये ३६ हे मोठं माप होतं. पाटेकचं पहिलं कॅलट्राव्हा, १९३२ चं, जेमतेम ३१ मिलिमीटरचं आहे आणि ते धडधाकट पुरुषांनीच घातलं. आपलं एचएमटी जनता साधारण ३५ चं. ते गावोगावच्या शिक्षकांनी, कंडक्टरांनी, कारखान्यातल्या कामगारांनी घातलं, तेव्हा कोणाला ते लहान वाटलं नाही. गंमत म्हणजे एचएमटी बंद पडणार अशी बातमी २०१४ मध्ये आली तेव्हा देवनागरी आकड्यांचं जनता शोधत सगळ्यात जास्त फिरली ती विशी-तिशीतली मुलं.

आता वारं पुन्हा फिरलं आहे. रोलेक्सने २०२१ मध्ये एक्सप्लोरर ३९ वरून पुन्हा ३६ वर आणलं, आणि त्याच वर्षी ते दुरंगीही काढलं. डोंगर चढणाऱ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं घड्याळ, स्टील आणि पिवळ्या सोन्यात! ट्यूडरने २०२३ मध्ये ३७ चं पाणबुड्या घड्याळ आणलं. कार्तिएने २०२१ मध्ये टँक मस्ट लाल, निळ्या, हिरव्या डायलमध्ये काढलं, त्याच्यावर आकडेसुद्धा नाहीत. ही सगळी माणसं वेडी नाहीत. त्यांना दिसतंय की गिऱ्हाईक तरुण होतंय. अमेरिकेतले टायलर, द क्रिएटरसारखे गायक जुनी, छोटी कार्तिए घालून फिरतात, ते बघून माझ्याकडेसुद्धा अशी मुलं येतात ज्यांना सबमरिनरचं नावही काढायचं नसतं.

एक गोष्ट मात्र बहुतेक चर्चांमधून निसटते, ती इथे जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला रोज दिसते. शरीराचा विचार केला तर पातळ, साधं, चावीचं ‘ड्रेस’ घड्याळ म्हाताऱ्या माणसाला वापरायला सगळ्यात अवघड. चाळिशी लागली की सुईसारखे बारीक काटे सोनेरी डायलवर दिसत नाहीत. संध्याकाळच्या उजेडात तर नाहीच, कारण अशा घड्याळांना अंधारात चमकणारा रंग बहुधा नसतो. तारखेची खिडकी वाचायला चष्मा शोधावा लागतो. डेटजस्टच्या काचेवरचा तो फुगीर भिंगाचा तुकडा तारीख अडीच पट मोठी करतो, म्हणून ते निदान वाचता तरी येतं. पातळ घड्याळाची चावी छोटी आणि केसला चिकटलेली. सांधे आखडलेल्या बोटांना ती रोज सकाळी पिळणं जमत नाही. चामड्याच्या पट्ट्याचं बकल एका हाताने लावणं हा आणखी एक त्रास. साठी-सत्तरीतले जे लोक माझ्याकडे येतात ते काय मागतात? पांढरी डायल, मोठे काळे आकडे, जाड काटे, ऑटोमॅटिक नाहीतर सेलचं मशीन, आणि हलकी चेन. म्हणजे वर्णन जवळजवळ पायलटच्या घड्याळाचं. कॅलट्राव्हाचे बारीक काटे झटकन वाचायची नजर आणि चावी द्यायची बोटं, दोन्ही तुमच्याकडे आहेत. तुमच्या काकांकडे ती आता असतीलच असं नाही.

उतारवयात मनगट बारीक होतं, कातडी सैल पडते, आणि ४२ चं जड घड्याळ गोल फिरत बसतं, हेही खरं. म्हणून वयस्कर लोक ३४-३६ कडे येतात आणि बघणाऱ्याला वाटतं की ते माप त्यांचंच. पण बारीक मनगट पंचविशीतही असतं. तुमचं साडेसहा इंच म्हणजे वरची सपाट जागा अंदाजे ५२-५३ मिलिमीटर. डेटजस्ट ३६ वरच्या लगपासून (लग म्हणजे केसची पट्टा अडकवायची टोकं) खालच्या लगपर्यंत साधारण ४३-४४ भरतं, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं मनगट दिसत राहतं. आताच्या सबमरिनरचं हेच अंतर ४८ च्या आसपास आहे. ते बसेल, पण शर्टाच्या बाहीखाली जाणार नाही, अडून राहील. दुकानात केसचा व्यास विचारतात, मी म्हणतो लग ते लग विचारा. दिसण्याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. घड्याळ बांधल्यावर ते तोंडाशी आणून बघू नका, दोन हात लांबच्या आरशात बघा. लोक तुम्हाला तेवढ्याच अंतरावरून बघणार आहेत.

आता सोनं. दुरंगी घड्याळावर ‘ऐंशीचं दशक’ असा शिक्का युरोप-अमेरिकेत बसला, कारण तेव्हा तिथल्या शेअरबाजारातल्या, बँकांतल्या लोकांनी ते भरपूर घातलं. वास्तविक स्टील आणि सोनं जोडण्याच्या या पद्धतीसाठी रोलेक्सने रोलेसॉर हे नाव १९३० च्या दशकातच घेतलं होतं. तिथलं मत इंटरनेटवरून आपल्याकडे जसंच्या तसं आलं आणि आपण ते घोकलं. पण आपल्याकडे पिवळं सोनं हे काही म्हातारपणाचं लक्षण कधीच नव्हतं. चोवीस वर्षांचा नवरदेव अंगठी, साखळी घालतो, कोणी त्याला काका म्हणत नाही. आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर पिवळं सोनं जितकं खुलतं तितकं गोऱ्यापान मनगटावर खुलत नाही, हे मी दोन्ही प्रकारची मनगटं बघून सांगतोय. एक माहिती हाताशी असू द्या: स्विस घड्याळाचं सोनं बहुधा १८ कॅरेटचं असतं. त्यामुळे त्याची छटा आपल्या २२ कॅरेटच्या दागिन्यांपेक्षा जरा फिकी, जरा शांत. हातात २२ कॅरेटचं जाड कडं असेल तर ते दुसऱ्या मनगटात घाला, शेजारी नको. शिवाय स्टीलवर घासून ते मऊ कडंच ओरखडतं.

अख्ख्या सोन्याच्या डे-डेटची गोष्ट वेगळी. आपल्या महाराष्ट्रात त्यावर वयाचा नाही, धंद्याचा शिक्का आहे. पांढरी कडक इस्त्री, पांढरी गाडी आणि मनगटावर हे. हिऱ्यांची डायल असेल तर विचारायलाच नको. तिशीच्या आतल्या नोकरदाराच्या हातात ते उसनं आणल्यासारखं दिसतं, आणि ऑफिसात लोक घड्याळ बघून तुमच्या पगाराचा हिशेब मांडायला लागतात, ते वेगळंच. इथे मी मित्रांच्या बाजूने आहे. अपवाद एकच सांगेन: तेच डे-डेट चेन काढून मॅट तपकिरी चामड्यावर. मग ते खरंच देखणं दिसतं. पण चेनसाठी पैसे मोजून चेन डब्यात ठेवणारा विरळाच.

पट्ट्याने काय फरक पडतो याचं एकच उदाहरण देतो. एक तरुणी आजोबांचं फेवर-लुबा सी चीफ घेऊन आली होती. घालायची इच्छा होती, पण ‘आजोबांसारखं वाटतं’ म्हणून ते खणात पडलेलं. त्याला सोनेरी मुलाम्याची, स्प्रिंगने ताणली जाणारी चेन होती. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे घराघरात असायची, मनगटावरचे केस ओढणारी, तीच. मशीन साफ केलं, तेल दिलं, काच बदलली, डायलला हात लावला नाही. चेन काढून साधा, न फुगवलेला, मातकट रंगाचा पट्टा लावला. ते घड्याळ ती आता रोज घालते, आणि कुठून घेतलं म्हणून लोक तिला विचारतात. घड्याळाच्या केसमध्ये आम्ही काहीच बदललं नव्हतं. म्हणून ज्यांना जुन्या धाटणीचं घड्याळ आवडतं पण धीर होत नाही, त्यांना मी आधी पट्ट्याकडे बघायला सांगतो. चकचकीत काळा, मधे फुगवलेला मगरीच्या कातड्याचा पट्टा वयात दहा वर्षं भर घालतो. मॅट, पातळ, तपकिरी किंवा राखाडी, किंवा स्वेड लावला की तेवढीच वर्षं उतरतात. मुंबई-कोकणातल्या दमटपणात चामडं कुजतं, वास मारतं. जून ते सप्टेंबर विणलेला नायलॉनचा पर्लॉन पट्टा लावा. तो धुता येतो, लवकर वाळतो, आणि ड्रेस घड्याळावर अनपेक्षितपणे छान दिसतो.

टँकबद्दल मला काळजीच वाटत नाही. १९१७ चं डिझाइन, आणि आजही त्याचं वय सांगता येत नाही. अँडी वॉरहॉल ते घालायचा आणि चावीसुद्धा देत नसे, जॅकलिन केनेडीने घातलं, स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे सगळ्यांनी घातलं. फक्त मापाचा आकडा वाचून फसू नका. मोठं टँक लुई कार्तिए अंदाजे ३३.७ बाय २५.५ मिलिमीटर भरतं. आकडा लहान वाटतो, पण चौकोनी घड्याळ मनगटावर गोल घड्याळापेक्षा मोठं दिसतं. तुमच्या मनगटाला हे बरोबर आहे. त्याहून मोठं घेऊ नका, मनगटावर फरशी बसवल्यासारखी दिसते. रिव्हर्सोलाही हेच लागू. ही दोन्ही घड्याळं साध्या पांढऱ्या टी-शर्टवर जितकी चांगली दिसतात तितकी सुटावरही दिसत नाहीत, असं माझं मत. पाण्याचं मात्र भान ठेवा. ३० मीटर लिहिलेलं असतं ते हात धुताना उडणाऱ्या थेंबांसाठी. पावसात दुचाकी चालवायची असेल तर घड्याळ घरी.

कॅलट्राव्हात मात्र निवड करावी लागते. उदाहरण म्हणून १९८५ चा ३९१९ हा मॉडेल बघा: पिवळं सोनं, ३३ मिलिमीटरच्या जरा वर, कड्यावर बारीक पिरॅमिडांची नक्षी, पांढऱ्या डायलवर काळे रोमन आकडे, चकचकीत काळा पट्टा. कितीतरी वर्षं पाटेक म्हटलं की हेच चित्र डोळ्यापुढे यायचं. सुरुवातीला मी ज्या चार गोष्टी म्हणालो त्या इथे चारही एकाच बाजूला आहेत, आणि हे घड्याळ तिशीच्या आत शोभवणं खरंच कठीण आहे. पाटेकलाही ते कळलं असावं. २००६ मध्ये त्याची जागा ३६ च्या ५११९ ने घेतली, आणि २०२१ च्या ६११९ मध्ये माप ३९ झालं, रोमन आकडे जाऊन उभ्या पट्ट्या आल्या. नक्षी तीच राहिली. तेवढ्यानेच ते घड्याळ किती वर्षांनी धाकटं झालं ते शेजारी ठेवून बघा. उलट, १९३२ च्या मूळ कॅलट्राव्हाचं, म्हणजे मॉडेल ९६ चं, सपाट कडं आणि नुसत्या पट्ट्यांची डायल नव्वद वर्षांनंतरही जुनी वाटत नाही. म्हणून कॅलट्राव्हा हवंच असेल तर रोमन आकडे टाळा, सपाट कडं घ्या, पिवळ्याऐवजी पांढरं सोनं बघा. ओमेगाचं पन्नास-साठच्या दशकातलं कॉन्स्टेलेशन, ज्याची डायल उलट्या ताटलीसारखी कडेला उतरती असते, हे खूप कमी पैशात याच वळणाचं समाधान देतं. स्टीलचं मिळालं तर ते कोणत्याही वयाला चालतं.

आवड खरी आहे की फोटो बघून आलेली लहर, याची परीक्षा स्वस्तात करता येते. टायटन एज २००२ पासून मिळतं, पहिलं तर जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचं होतं. पातळ ड्रेस घड्याळ रोज घालणं कसं असतं ते त्यावर कळेल. दुरंगीसाठी एखादं साधं जुनं सेइको शोधा. दोन-तीन महिने घाला. हात आपोआप दुसऱ्या घड्याळाकडे जायला लागला तर लाखो रुपये वाचले. फक्त मुंबईच्या रस्त्यावर आणि ऑनलाइन मिळणारी ती भगवी, पोपटी, निळी रंगवलेली जुनी घड्याळं घेऊ नका. मोडलेल्या केस, तिसऱ्याच घड्याळाचं मशीन आणि नव्याने छापलेली डायल यांची ती खिचडी असते. जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

आता तुमचं डेटजस्ट. घ्या, असंच मी म्हणेन, पण एक बदल सुचवतो. सोनेरी डायल, सोनेरी कडं आणि ज्युबिली हे तिन्ही एकत्र म्हणजे मित्रांच्या चिडवण्याला आयतं खाद्य. त्याच घड्याळात चंदेरी, राखाडी, निळी किंवा काळी डायल मिळते. तीच बघा, उभ्या पट्ट्यांची, रोमन नको. ज्युबिली ठेवा, ती मनगटावर फार सुखाची चेन आहे. वाटलं तर वर्षातले काही महिने २० मिलिमीटरचा तपकिरी पट्टा लावा. सोनेरी डायलच आवडली असेल तर तीच घ्या, पण मग ऑफिसच्या फॉर्मल कपड्यांऐवजी जीन्स आणि सुती शर्टावर घाला. सगळंच कडक इस्त्रीचं असलं की काका परत येतात.

मॉडेल १६२३३ घ्या. तो १९८८ पासूनचा, नीलमणी काचेचा, आतलं ३१३५ मशीन दणकट, आणि ते दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. त्याआधीचा १६०१३ स्वस्त पडतो, पण त्याची काच प्लॅस्टिकची, ओरखडे पटकन पडतात. ते मऊ पॉलिशनेही निघतात हा फायदा धरला, तर तोही वाईट नाही. बघायला गेलात की घड्याळ आडवं धरा आणि चेन हवेत सोडा. खाली लोंबली तर ती ताणलेली आहे. जुन्या ज्युबिलीच्या सोनेरी कड्या आतून भरीव नसतात, त्या झिजतात, आणि दुरुस्तीचा खर्च मोठा. कड्याच्या खाचांना टोक आहे का ते नखाने तपासा. वारंवार पॉलिश झालं असेल तर त्या बोथट होतात. चारही लग सारख्या जाडीचे हवेत. डायल भिंगाखाली बघा, अक्षरांच्या कडा धूसर असतील तर ती पुन्हा छापलेली. सर्व्हिसिंग कधी झालं हे तोंडी सांगितलेलं धरू नका. विकणाऱ्याला पाठ उघडून मशीन दाखवायला सांगा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर चहा पिऊन उठा.